थोरल्यांच्या बदल्यात

भास्कर मोहुर्लेला देऊन टाकलं, तर भैयासाहेबांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: सहा फूट सात इंचांचा एक बास्केटबॉल सेंटर, गुडघे शाबूत असलेला एक गार्ड आणि क्लबच्या चिटणीसपदाची आणखी तीन वर्षं. भास्करच्या पदरात काय पडणार, हे कोणी विचारलं नव्हतं. त्याला मुळात ठाऊकच नव्हतं. निदान सव्वीस डिसेंबरच्या सकाळी सात वाजेपर्यंत मी तरी तसं धरून चालले होते.

सात वाजता आम्ही उत्कर्ष क्लबच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकेतल्या लीगचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. तिकडे नाताळची रात्र चालू होती. इकडे नागपुरात धुकं इतकं दाट की खिडकीबाहेरचं कोर्ट दिसत नव्हतं, बास्केटचे दोन बोर्ड तेवढे हवेत टांगून ठेवल्यासारखे दिसत होते. स्वेटर घालून, चहाच्या ग्लासांवर बोटं शेकत आम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी कालच्या रात्रीत डोकावत होतो. तिथली माणसं उजेडात न्हाऊन निघालेली, आवाज न करता ओरडणारी, कारण हॉल साफ करणाऱ्या बाईंना त्रास नको म्हणून देशकर आवाज बंद ठेवत. पहाटेच्या झोपेत आपण कधीकधी अनोळखी लोकांच्या लग्नाला जातो, पंगतीत बसतो आणि कोणी आपल्याला उठवत नाही, तसं काहीसं ते असायचं.

देशकर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. तिकडच्या प्रत्येक संघाच्या बाकावरचा शेवटचा माणूससुद्धा त्यांना गावासकट पाठ. दुसरा लिचडे, आमच्या कँटीनचा मालक, ज्याला स्वतःचं कँटीन सोडून जगातल्या सगळ्या संघांचं भलं कळायचं. आणि तिसरी मी, इंदू धोटे. शाळेत गणित शिकवायचे आणि चौदा वर्षं क्लबची गुणलेखक होते. कोणी कुठून चेंडू टाकला, आत गेला की बाहेर, हे सगळं मी लिहायचे.

परदेशी नावं लिचडेच्या जिभेवर बसत नसत, म्हणून आम्ही सगळ्यांचं बारसं करून टाकलं होतं. एका मोठ्या तळ्याकाठच्या शहराचा संघ तो तळेवाले. वाळवंटातला तो वाळूवाले. आणि तळेवाल्यांचा पस्तिशीतला कप्तान, बारा वर्षं एकाच संघात, कप एकही नाही, ते थोरले. आठवडाभर एकच बातमी घोळत होती: तळेवाले थोरल्यांना वाळूवाल्यांकडे पाठवणार आणि बदल्यात दोन पोरं घेणार.

"थोरल्यांले देनं म्हणजे घरचा देव विकून पाटा-वरवंटा घेनं हाय," लिचडे म्हणाला.

"पाट्या-वरवंट्यावर चटणी तरी होते," देशकर म्हणाले. "देवानं बारा वर्षांत काय दिलं?"

मी चहाच्या ग्लासात बघत होते. कारण आमच्या घरच्या देवाची किंमत तीन दिवसांपूर्वी मीच काढून दिली होती.

झालं होतं असं. शहरात दोन वर्षांपूर्वी आठ क्लबांची पगारी लीग सुरू झाली होती, आणि तिच्यात खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत एकतीस डिसेंबर होती. क्लबनं ना-हरकत द्यायची, खेळाडूनं खाली सही करायची, मामला संपला. प्रतापनगरवाल्यांना भास्कर हवा होता. त्याच्या नावावर गॅलरी भरते, आणि त्यांच्या गॅलरीत तेव्हा कबुतरं बसत. शनिवारी भैयासाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "इंदूताई, बाकीचे सगळे भावनेत वाहणारे. तुम्ही आकड्यांचं माणूस. भास्कर खरोखर किती उरलाय, ते मला कागदावर द्या. त्याला मात्र एक शब्द कळता कामा नये."

ही माझी स्तुती चाललीय असं मला वाटलं, यावरून माझ्या हुशारीचा अंदाज घ्या. मी तिथंच बसून तक्ता केला. कमिटीसाठी तीन प्रती, अक्षर सुबक यावं म्हणून कोरे करकरीत कार्बन पेपर. आकडे भास्करच्या बाजूचे नव्हते. ते मी खोटे केले नाहीत, आणि त्यांच्या शेजारी एक शब्दही जास्तीचा लिहिला नाही. कमिटीनं अर्ध्या तासात मान डोलावली. फक्त प्रतापनगरशी शेवटचं बोलणं राहिलं होतं.

हॉलचं दार ढकलून भास्कर आत आला, तेव्हा त्याच्या केसांवर धुक्याचे थेंब होते. रोजची धाव संपवून तो असाच यायचा, खांद्यावर टॉवेल, आणि चहा ओतायचा तो आधी देशकरांना. चौतीस वर्षांचा माणूस. वीस वर्षांचा असताना क्लबात आला, तेव्हापासून दुसऱ्या कुणाची खेळाची बनियन त्यानं अंगाला लावली नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती तो कधी बोलून दाखवत नसे. उत्कर्षच्या कपाटात शहराचा कप यावा, आणि तो आला की खेळणं थांबवावं. कपाटात तोवर रांगोळी स्पर्धेची दोन पदकं होती.

"काय म्हणतात थोरले?" तो बसत म्हणाला.

"तुह्याच वयाचे हायेत, तूच सांग," लिचडे म्हणाला. "द्यावं का ठेवावं?"

पडद्यावर थोरले फ्री थ्रोला उभे होते. हजारो माणसं हात हलवत होती, आवाज नव्हता.

"द्यावं," भास्कर म्हणाला.

मला काय झालं कोण जाणे. "द्यावं कसं?" मी एकदम म्हणाले. "बारा वर्षं या माणसानं एका गावाला सकाळी उठायला कारण दिलंय. मुलांची नावं ठेवलीत त्याच्यावरून. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?"

देशकरांनी चष्मा वर केला. "इंदूताई, तुम्ही? आज सूर्य वर्ध्याकडून उगवला का?"

"मी बरोबरच म्हणतेय. दोन पोरं आणाल. ती पोरं या गावाची होतील का?"

"ताई, कप गावाले लागतो, गाव कपाले लागत नाही," भास्कर लिचडेच्या बोलीची नक्कल करत हसला. मग चहाचा घोट घेऊन, पडद्याकडे बघत, शांतपणे सांगू लागला. "हे बघा. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये थोरल्यांचे शंभरातले सत्तेचाळीस नेम लागतात. छान. चौथ्या क्वार्टरमध्ये किती? एकोणतीस. डाव्या बाजूनं टाकलेले तर एकवीस. गेल्या मोसमात सहा सामने आपण पाचच्या आतल्या फरकानं हरलो... म्हणजे तळेवाले हरले. त्या सहांमध्ये शेवटचा चेंडू थोरल्यांच्याच हातात होता. सहापैकी किती आत गेले?"

"किती?" लिचडे पुढे सरकला.

"एक."

सत्तेचाळीस, एकोणतीस, एकवीस, सहापैकी एक. त्याच क्रमानं. मी शनिवारी ज्या क्रमानं लिहिले होते, त्याच क्रमानं.

"हे कुठं वाचलं?" देशकर हटून बसले. "माझ्या हिशेबानं थोरल्यांचा चौथा क्वार्टर चव्वेचाळीसचा आहे."

"वाचलं कुठंतरी," भास्कर म्हणाला. "निळ्या कागदावर होतं. नीट उजेडाला धरून वाचावं लागलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मला रविवार आठवला. दर रविवारी भास्कर माझी गुणांची वही घरी नेई, आपले चुकलेले नेम बघायला. चौदा वर्षांचा रिवाज. या रविवारीही नेली होती. एकदाच वापरलेला कार्बन कोणी उजेडाकडे धरला, तर त्यावर सगळं जसंच्या तसं उमटलेलं दिसतं, हे मला ठाऊक नाही तर कोणाला? तो कार्बन फाडून टाकायची वस्तू. पण एका तक्त्यापुरता वापरलेला कार्बन जिला फेकवेल, ती बाई गुणलेखक कसली! मी तो वहीच्या मागच्या पानांत सरकवून ठेवला होता.

"पण एक सांगतो," भास्कर पुढे बोलतच होता. आता त्याच्या आवाजात बाजारात उभ्या असलेल्या माणसाची मजा होती. "दोघांत देऊ नये. फार स्वस्तात चाललेत थोरले."

"मंग?"

"तिसरा मागावा. त्यांच्या बाकावर एक डावखुरा पोरगा बसलाय. आत्ता त्याला कोणी विचारत नाही. त्याला घेतल्याशिवाय सही नाही, असं ठणकावून सांगावं."

"वाळूवाल्यांच्या बाकावर डावखुरा कोणी नाहीच मुळी!" देशकरांचा आवाज चढला. "मी नावं म्हणून दाखवतो, मोजा."

"असेल हो, देशकर. नीट बघा. प्रत्येक बाकावर एक असतो."

देशकर खरोखर बोटांवर नावं मोजू लागले. लिचडे म्हणाला, "भास्कर, तू चिटणीस व्हायले पायजे होतं बे. थोरल्यांले पार सोलून विकलं." आणि सगळे हसले. भास्कर सगळ्यांत मोठ्यानं हसला. पडद्यावर सामना संपला. थोरले मान खाली घालून बोगद्यात चालत गेले, आणि त्यांच्या जागी साबणाची जाहिरात आली.

मी बाहेर आले. धुकं जरा पांढरं झालं होतं. मागून चेंडूचा आवाज आला. दिसत काही नव्हतं, नुसती ठप ठप. मग भास्कर धुक्यातून निघून माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं खिशातून चार घड्यांचा कार्बन काढला आणि माझ्या हातावर ठेवला. बोटं निळी झाली.

"विसरला होतात," तो म्हणाला.

"भास्कर, मी..."

"आकडे खरे आहेत?"

"खरे आहेत."

"मग झालं. मला वाटायचं चौथ्या क्वार्टरमध्ये माझं चाळीसच्या आसपास असेल. माणूस स्वतःचं जमेला धरतो." चेंडू त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "कमिटीत माझ्या बाजूनं काही बोललात?"

"नाही."

"मग आज टीव्हीसमोर काहून भांडलात?"

मी म्हणाले, "तू सही करू नकोस. तुझ्या सहीशिवाय ते काही करू शकत नाहीत. मी आत्ता जाऊन सांगते भैयासाहेबांना."

"काय सांगाल? एकोणतीस नाही, एकोणचाळीस आहे म्हणून?" तो हसला. "ताई, माझ्यानं कप येणार नाही. चौदा वर्षं प्रयत्न केला. मी गेल्यानं येत असेल तर जायला हरकत नाही. पण भैयासाहेबांना घासाघीस येत नाही. उंच माणूस दिसला की ते विरघळतात. प्रतापनगरच्या बाकावर अन्वर शेख आहे. उन्हाळी शिबिरात दोन वर्षं माझ्या हाताखाली होता. डाव्या हातानं असा उशिरा सोडतो चेंडू, की समोरचा उडी मारून खाली आलेला असतो. त्याला मागा. तुमचं ते ऐकतात."

"मी? तुझी किंमत मी वाढवून मागू?"

"काढली तुम्हीच ना? मग नीट काढा." आणि जाताजाता म्हणाला, "माझं नाव मात्र नको. मला काही माहीत नाही."

त्या दुपारी मी भैयासाहेबांसमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा आकड्यांशिवाय भांडले. भैयासाहेब म्हणाले, "अहो, बाकावरचा पोरगा मागून अडून बसायचं? ते देतायत ते दोघं हातचे जातील." मी म्हणाले, "भास्करच्या नावावर त्यांची गॅलरी दहा वेळा भरणार आहे. दोघांत तुम्ही फक्त त्याचे गुडघे विकताय. बाकीचा माणूस फुकट देताय." त्यांनी पेपरवेट बाजूला सारला. मग फोन उचलला. पलीकडून नकार आला. मी खूण केली, ठेवून द्या. भैयासाहेबांनी फोन ठेवला. दोन दिवस तिकडून काही कळलं नाही, आणि त्या दोन दिवसांत मी देवाजवळ नक्की काय मागत होते, ते मलाच ठरवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी होकार आला. त्यांच्या दृष्टीनं अन्वर म्हणजे भाजीवर मिळणारी कोथिंबीर होती.

तीस तारखेला संध्याकाळी भैयासाहेबांनी भास्करला ऑफिसात बोलावलं. मला साक्षीला बसवलं. "भास्कर," ते म्हणाले, "काळजावर दगड ठेवून सांगतोय." आणि सांगितलं.

भास्कर खुर्चीत मागे टेकला. त्यानं आधी भैयासाहेबांकडे पाहिलं, मग छताकडे, मग माझ्याकडे, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. "मला?" तो म्हणाला. एवढा एकच शब्द, पण असा काही म्हणाला, की भैयासाहेबांनाच हुंदका आला. शेवटी भास्करनं उठून त्यांना पाणी दिलं. "असू द्या, भैयासाहेब. क्लबाच्या भल्याचंच असेल." सही केली. सही करताना पेन थांबलं ते एकदाच, 'सध्याचा क्लब' या ओळीवर. ते मी पाहिलं. त्या दिवशी नोंद करण्यासारखं एवढंच होतं.

फेब्रुवारीत अंतिम सामना झाला, उत्कर्ष विरुद्ध प्रतापनगर. सहा फूट सात इंचांचा सेंटर उपांत्य सामन्यात पाच फाऊल करून बाद झाला होता आणि अंतिम सामन्यात त्यानं तीच कामगिरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये उरकली. शाबूत गुडघ्यांचा गार्ड घोटा मुरगळून पाटावर पाय ठेवून बसला होता. कमिटीनं ज्यांच्याकडे बघून मान डोलावली होती, ते दोघं असे बाहेर. कोर्टावर होता तो अन्वर.

दिव्यांचा पिवळा उजेड, गॅलरीत माणसांवर माणसं, आणि मी टेबलाशी. आवाज इतका की मला तो ऐकूच येईनासा झाला. सगळं त्या सकाळच्या टीव्हीसारखं मुकं होऊन डोळ्यांपुढून सरकत होतं. प्रतापनगरच्या निळ्या बनियनमधला भास्कर चौथ्या क्वार्टरमध्ये उतरला. पहिला नेम आत. मी लिहिलं. दुसरा आत. तिसरा, डाव्या बाजूनं, आत. चौथा बाहेर. पाचवा आत. पाचातले चार. माझा एकोणतीसचा आकडा खोटा नव्हता, पण तो उत्कर्षच्या बनियनमधला होता, जिच्या ओझ्यानं चौदा वर्षं त्याचा हात जड होत होता. हे मला तेव्हा टेबलाशी कळलं, आणि ते लिहायला रकाना नव्हता.

प्रतापनगर एका गुणानं पुढे. सहा सेकंद. चेंडू अन्वरकडे, आणि समोर भास्कर. कोणी पुढे म्हणालं की गुरूनं सोडून दिलं. मी हातभर अंतरावर होते, शपथेवर सांगते, सोडलं नाही. तो जीव तोडून उडाला. पोरगा थांबला, भास्कर खाली येऊ लागला तेव्हा डाव्या हातातून चेंडू सुटला, आणि भास्करच्या बोटांची टोकं चेंडूला घासून गेली. चेंडू आत, उत्कर्ष अडुसष्ट-सदुसष्ट.

उत्कर्षची माणसं कोर्टावर धावली. लिचडे अन्वरला खांद्यावर घेऊन नाचत होता, देशकर भैयासाहेबांच्या गळ्यात पडून रडत होते. भास्कर माझ्या टेबलाशी आला. घामानं भिजलेला, धाप लागलेला.

"चौथा क्वार्टर लिहिलात?"

"लिहिला."

"किती?"

"ऐंशी टक्के."

त्यानं माझा कागद पालथा घातला. मग म्हणाला, "भैयासाहेबांना दाखवू नका. झोप उडेल त्यांची." आणि प्रतापनगरच्या लोकांत जाऊन बसला. पुढच्या मोसमात तो खेळलाच नाही. सकाळच्या टीव्हीलाही आला नाही. लिचडे म्हणे, लांब पडतं त्याला आता. प्रतापनगर आमच्यापासून दोन किलोमीटरवर आहे.

आता बेरीज. उत्कर्षला कप मिळाला. भैयासाहेबांना तीनच्या जागी सहा वर्षं मिळाली. प्रतापनगरला भरलेली गॅलरी. अन्वरला सगळं शहर. देशकर आणि लिचडे यांना उरलेल्या आयुष्यभर पुरेल एवढा वाद. मला खऱ्या आकड्यांबद्दल शाबासकी, तीही मानपत्रासकट. इतक्या जणांना इतकं मिळालं, आणि ते ज्यातून आलं ती रक्कम एकाच माणसाची होती. चौदा वर्षं. त्यानं ती स्वतः मोजून, आमच्याकडून किंमत वाढवून घेऊन, दिली. कप उचलला गेला तेव्हा तो समोरच्या बाकावर निळी बनियन घालून बसला होता, आणि टाळ्या वाजवत होता.